काकू, पुतण्या आणि फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू

न्यूयॉर्कमध्ये आज जिथे एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी आहे, तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीला जॉन थॉम्प्सन नावाच्या माणसाचं शेत होतं आणि शेतातून ओढा वाहत होता. १८२७ साली त्या शेताचा अर्धा हिस्सा विल्यम बॅकहाउस अ‍ॅस्टर यांनी २०,५०० डॉलरला विकत घेतला. पुढच्या शंभर वर्षांत त्याच मातीवर आधी दोन वाडे आले, मग वाडे पाडून दोन हॉटेलं आली आणि शेवटी हॉटेलं पाडून कचेऱ्यांचा मनोरा आला. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या आलिशान हॉटेलांचा मागोवा घ्यायचा तर झुंबरं आणि संगमरवरी जिन्यांपासून सुरुवात करून काही हाती लागत नाही. सातबाऱ्यापासूनच सुरुवात करावी लागते. ही हॉटेलं पाहुणचाराच्या हौसेनं उभी राहिली नाहीत. ती जमिनीच्या हिशेबानं उभी राहिली आणि जमिनीच्याच हिशेबानं पडली. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं हॉटेल तर निव्वळ भाऊबंदकीतून जन्माला आलं.

रस्ता आधी कागदावर आला. १८११ साली सरकारनं नेमलेल्या तीन कमिशनरांनी मॅनहॅटन बेटाचा नकाशा पुढ्यात घेतला आणि टेकड्या, ओढे, शेतं, बांध कशाचीही पर्वा न करता पट्टीनं रेघा मारल्या. बारा उभे रस्ते आणि १५५ आडवे. उभे रस्ते शंभर फूट रुंद. त्यातला पाचवा बेटाच्या साधारण मधोमध पडला आणि तिथेच त्याचं नशीब उघडलं. धक्के, गोदामं, कत्तलखाने हे सगळं दोन्ही बाजूंच्या नद्यांच्या काठी, म्हणजे मधला रस्ता वासापासून आणि गोंगाटापासून दूर. शेजारच्या रस्त्यांवर पुढे आगगाडी आली, ट्राम आली, खांबांवरून धावणारी रेल्वे आली. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर यातलं काहीही आलं नाही, कारण तोवर तिथे राहायला आलेल्या मंडळींनी ते येऊ दिलं नाही. रूळ नसलेला रस्ता हीच त्याची पहिली श्रीमंती.

श्रीमंत घरं दक्षिण टोकाच्या वॉशिंग्टन स्क्वेअरपासून हळूहळू वर सरकत होती. तेविसाव्या रस्त्यावर अमोस एनो यांनी १८५६ साली हॉटेल बांधायला घेतलं तेव्हा गावानं त्याला ‘एनोचं खूळ’ म्हणून हिणवलं. इतक्या लांब, जवळजवळ गावाबाहेर, कोण मुक्कामाला येणार? १८५९ साली पांढऱ्या संगमरवराचं ते ‘फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू हॉटेल’ उघडलं आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडचा युवराज तिथे येऊन उतरला. खूळ म्हणणारे गप्प बसले.

या हॉटेलातली खरी महत्त्वाची वस्तू युवराज नव्हे, लिफ्ट. माणसांसाठी लिफ्ट बसवलेलं हे पहिलं हॉटेल. ओटिस टफ्ट्स यांनी केलेलं ते यंत्र आज पाहिलं तर हसू येईल. तळापासून माथ्यापर्यंत एक अवाढव्य लोखंडी स्क्रू उभा, तो वाफेच्या इंजिनानं फिरायचा आणि त्याच्या आट्यांवरून बसायची खोली संथपणे वर चढायची. दोर नाही, त्यामुळे दोर तुटायची भीती नाही. पण तिनं हॉटेलधंद्याचं गणित उलटं केलं. तोवर वरचा मजला म्हणजे दमछाक, म्हणून भाडं कमी. आता वरच्या मजल्यावर उजेड, वारा, शांतता आणि चढायचे कष्ट शून्य, म्हणून भाडं जास्त. उंच बांधण्यात पैसा आहे, हे या रस्त्याला पहिल्यांदा कळलं ते त्या स्क्रूवर बसून.

हॉटेल आणि राजकारण यांचं सूत जुनं आहे, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. रिपब्लिकन पक्षाचे न्यूयॉर्कचे सूत्रधार थॉमस प्लॅट याच हॉटेलात एका कोपऱ्यात बसून कारभार हाकायचे. साहेब बोलले की बाकीच्यांनी मान डोलवायची, म्हणून त्या जागेला लोक ‘आमेन कॉर्नर’ म्हणत. १८८४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन यांच्या समोर, याच हॉटेलात, एका पाद्रीबुवांनी विरोधी पक्षाला दारू, कॅथलिक पंथ आणि बंडखोरी यांचा पक्ष म्हणून टाकलं. ब्लेन यांनी तिथल्या तिथे त्यांना अडवलं नाही. आयरिश कॅथलिक मतदार भडकले, ब्लेन न्यूयॉर्क राज्यात जेमतेम हजार-अकराशे मतांनी हरले आणि त्याबरोबर अध्यक्षपदही गेलं. १९०८ मध्ये हॉटेल पाडून तिथे कचेऱ्यांची इमारत आली.

आता अ‍ॅस्टरांकडे वळू. घराण्याचा मूळ पुरुष जॉन जेकब अ‍ॅस्टर, जर्मनीतल्या वालडॉर्फ गावचा. फरच्या व्यापारात त्यानं पैसा केला आणि तो मॅनहॅटनच्या जमिनीत ओतला. जमीन शक्यतो विकायची नाही, भाड्यानं द्यायची, हा घराण्याचा दंडक. थॉम्प्सनच्या शेतावर जॉन जेकबच्या दोन नातवांनी शेजारी शेजारी घरं बांधली, मध्ये बाग. तेहेतिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर थोरली पाती, चौतिसाव्याच्या कोपऱ्यावर धाकटी. धाकट्या पातीच्या घरात नवऱ्यापेक्षा बायकोचा दरारा मोठा. कॅरोलिन अ‍ॅस्टर. न्यूयॉर्कच्या समाजात कोण ‘आपल्यातलं’ आणि कोण नाही, हे ही बाई आणि तिचे सल्लागार वॉर्ड मॅकअ‍ॅलिस्टर ठरवायचे. खऱ्या अर्थानं प्रतिष्ठित माणसं शहरात फक्त चारशे, असं मॅकअ‍ॅलिस्टर म्हणत. बाईंच्या बॉलरूममध्ये तेवढीच मावतात, अशी वदंता होती. रेल्वेत, तेलात, पोलादात पैसा केलेली नवी कुटुंबं त्या दारावर वर्षानुवर्षं ताटकळत.

१८९० मध्ये थोरल्या पातीचे जॉन जेकब तिसरे वारले आणि त्यांचा मुलगा विल्यम वालडॉर्फ अ‍ॅस्टर घराण्याचा कर्ता पुरुष झाला. त्याच्या मते आता ‘मिसेस अ‍ॅस्टर’ हा मान त्याच्या बायकोचा. काकूंनी सरळ दुर्लक्ष केलं. त्यांच्या भेटपत्रावर कुठल्याही पहिल्या नावाशिवाय नुसतं ‘मिसेस अ‍ॅस्टर’ छापलेलं होतं, ते तसंच राहिलं. टपालाचे घोळ होऊ लागले, वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. पुतण्या इंग्लंडला निघून गेला. मात्र जाताना त्यानं वडिलांचं घर पाडायला काढलं आणि काकूंच्या बागेला लागून तेरा मजली हॉटेल उभं केलं. वास्तुरचनाकार हेन्री हार्डनबर्ग, चालवायला जॉर्ज बोल्ट. नाव आजोळचं नाही, पूर्वजांच्या गावचं: वालडॉर्फ. १३ मार्च १८९३ रोजी ते सुरू झालं.

काकूंच्या खिडक्यांवर आता तेरा मजल्यांची सावली पडू लागली. परक्या माणसांच्या बग्ग्या दारापुढून अखंड वाहू लागल्या. एका माणसानं दुसऱ्यावर सूड उगवावा म्हणून बांधलेल्या इमारती जगात बऱ्याच असतील, पण सूड उगवता उगवता इतका नफा कमावलेली दुसरी मला तरी आठवत नाही. काकूंनी शेवटी तीस रस्ते वर, पासष्टाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर नवा वाडा बांधला आणि त्या तिकडे गेल्या. मग त्यांच्या मुलानं, जॉन जेकब अ‍ॅस्टर चौथ्यानं, आईचं जुनं घर पाडून तिथे पुतण्याच्या हॉटेलापेक्षा उंच हॉटेल बांधलं. त्याचं नाव अ‍ॅस्टोरिया, साल १८९७. वास्तुरचनाकार पुन्हा हार्डनबर्गच, चालवणारे पुन्हा बोल्टच. वैर वैराच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी. दोन्ही इमारती मजल्यामजल्यावर जोडल्या आणि ‘वालडॉर्फ-अ‍ॅस्टोरिया’ झालं. करारात मात्र एक कलम घालून ठेवलं होतं. भावाभावांत पुन्हा बिनसलं तर जोडणाऱ्या वाटा विटांनी बुजवून टाकायच्या आणि दोन हॉटेलं वेगळी करायची. इतका दूरदर्शी करार आपल्याकडच्या वाटणीपत्रातही क्वचित सापडेल.

कलम कधी वापरावं लागलं नाही. हजारेक खोल्यांचं ते हॉटेल त्या काळी जगात सगळ्यात मोठं मानलं जाई. तळमजल्यावर सुमारे तीनशे फूट लांब मार्गिका होती, ‘पीकॉक अ‍ॅली’. दोन्ही कडेला खुर्च्या, मधून उंची कपड्यांतल्या बाया-माणसांची ये-जा. खोली न घेताही कोणी तिथे येऊन बसावं, बघावं, स्वतःला दाखवावं. बाईंच्या बॉलरूममध्ये चारशेच माणसांना प्रवेश होता. त्याच जागेवर आता जेवणाचं बिल भरू शकणाऱ्या कुणालाही होता. निवड करायचीच तर ती करायला ऑस्कर चर्की होता, स्वित्झर्लंडहून पोरवयात आलेला भोजनगृहाचा प्रमुख. दाराशी मखमली दोर लावून गर्दी अडवायची रीत त्याच्याच नावावर सांगतात, सफरचंद-सेलेरीचं ‘वालडॉर्फ सॅलड’ही. कोणाला खिडकीजवळचं टेबल आणि कोणाला खांबामागचं, हे ऑस्कर ठरवायचा. मॅकअ‍ॅलिस्टरांचं काम आता पगारी माणूस करू लागला होता.

फेब्रुवारी १८९७ मध्ये, मंदीनं लाखो लोक बेकार असताना, ब्रॅडली-मार्टिन दाम्पत्यानं वालडॉर्फमध्ये व्हर्सायच्या राजवाड्याचा देखावा उभारून पोशाखी नाच दिला. धंद्याला चालना मिळेल, असा त्यांचा दावा होता. चर्चमधून आणि वर्तमानपत्रांतून इतकी झोड उठली की ते जोडपं इंग्लंडला जाऊन राहिलं.

धाकट्या पातीचा जॉन जेकब १५ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिकबरोबर बुडाला. चारच दिवसांनी अमेरिकी सिनेटच्या समितीनं दुर्घटनेची चौकशी सुरू केली, ती वालडॉर्फ-अ‍ॅस्टोरियात. पहिले साक्षीदार जहाजकंपनीचे प्रमुख ब्रूस इस्मे. बुडालेल्या माणसाच्याच हॉटेलात वाचलेला माणूस जबानी देत होता.

हे होईपर्यंत रस्ता बदलला होता. १९०८ पासून महापालिकेनं गाड्यांसाठी तो रुंद करायला घेतला आणि घरमालकांना पुढे आलेले जिने, ओटे, कुंपणं तोडावी लागली. वाडेवाले कंटाळून आणखी वर सरकले. त्यांच्या जागी दुकानं आली आणि दुकानांच्या मागच्या माळ्यांवर कपडे शिवायचे कारखाने. दुपारच्या सुटीत हजारो ज्यू आणि इटालियन कामगार रस्त्यावर उतरून गप्पा मारत उभे राहायचे. गिऱ्हाईक बिचकतं, अशी दुकानदारांची ओरड. १९१६ साली न्यूयॉर्कनं कुठे काय आणि किती उंच बांधायचं याचे नियम केले, त्यामागे हवा-उजेडाइतकाच हा फुटपाथवरचा डबा खाणारा कामगारही होता. झोनिंगची पाठ्यपुस्तकं हवा-उजेडाचंच अधिक कौतुकानं सांगतात.

हॉटेलंही वर सरकली. पंचावन्नाव्या रस्त्यावर पुढे टायटॅनिकबरोबर बुडालेल्या त्याच अ‍ॅस्टरनं १९०४ मध्ये सेंट रेजिस उघडलं. अठरा मजले, खोलीखोलीत टेलिफोन, गाळून थंड-गरम केलेली हवा. आपलं मुंबईचं ताज त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९०३ मध्ये उघडलं होतं, म्हणजे दोघं एकाच वयाची. सेंट रेजिसच्या समोर १९०५ साली आलेल्या गॉथमची कथा मात्र करुण आणि थोडी हास्यास्पद आहे. चर्चपासून दोनशे फुटांच्या आत दारूचा परवाना द्यायचा नाही, असा राज्याचा कायदा होता आणि रस्ता ओलांडला की प्रेस्बिटेरियन चर्च. वीस मजली आलिशान हॉटेल, आणि जेवणाबरोबर वाइन नाही! तीन वर्षांत ते कर्जात बुडालं. लाखो डॉलरची इमारत बांधताना कोणी टेप घेऊन अंतर मोजलं नाही की मोजूनही ‘बघू पुढे’ म्हटलं, देव जाणे. आज तिथे पेनिन्सुला आहे.

सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यावरचं प्लाझा हार्डनबर्ग यांचंच. १८९० मध्ये उघडलेलं पहिलं प्लाझा पंधरा वर्षांत लहान ठरलं म्हणून पाडलं, आणि सव्वा कोटी डॉलर खर्चून नवं बांधलं. १ ऑक्टोबर १९०७ रोजी ते उघडलं त्याच दिवशी हॅरी अ‍ॅलन यांच्या मीटर लावलेल्या ६५ लाल टॅक्सी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून मिरवत गेल्या. पाऊण मैलासाठी बग्गीवाल्यानं पाच डॉलर उकळले म्हणून चिडून अ‍ॅलन यांनी फ्रान्सहून त्या गाड्या आणवल्या होत्या.

मग दारूबंदी आली. १९२० पासून बारचं उत्पन्न गेलं आणि मोठ्या हॉटेलांच्या ताळेबंदात भोक पडलं. वालडॉर्फ-अ‍ॅस्टोरियाचा रस्ता तर आता पूर्ण बाजारपेठेचा झाला होता. ३ मे १९२९ रोजी हॉटेल बंद झालं. खुर्च्या, भांडी, दिवे आठवण म्हणून लोकांनी विकत नेले. राडारोडा बार्जांवर लादून अटलांटिकमध्ये टाकला गेला. पाडकाम सुरू झालं आणि महिन्याभरात शेअरबाजार कोसळला, तरी मनोरा थांबला नाही. १ मे १९३१ ला एम्पायर स्टेट बिल्डिंग उघडली, १०२ मजले. वालडॉर्फ-अ‍ॅस्टोरियाचं नाव पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या नव्या हॉटेलाकडे गेलं. काकूंचा पासष्टाव्या रस्त्यावरचा वाडाही टिकला नाही, तिथे आज ज्यूंचं टेम्पल इमॅन्युएल आहे.

याच सुमाराला प्लाझाच्या आसपास आलेली शेरी-नेदरलँड आणि पिएर ही दिसायला हॉटेलं, पण निम्मी घरं. राहत्या इमारतींवर त्या वेळी उंचीची जी बंधनं होती, ती हॉटेलांवर नव्हती. तेव्हा श्रीमंतांसाठी उंच फ्लॅट बांधायचे, स्वयंपाकघराऐवजी वाढायची छोटी खोली दाखवायची आणि कागदोपत्री हॉटेल म्हणायचं. बिल्डर सगळीकडे सारखेच! एप्रिल १९२७ मध्ये बांधकाम चालू असताना शेरी-नेदरलँडच्या माथ्यावरची लाकडी परांची पेटली तेव्हा बंबांचं पाणी तिथवर पोचेना. खाली हजारो लोक जमून बघत होते. पिएर १९३० च्या ऑक्टोबरात उघडलं आणि दोन वर्षांत दिवाळ्यात गेलं. दीड कोटी डॉलरची ती इमारत १९३८ मध्ये तेलसम्राट पॉल गेटी यांनी २५ लाखांत उचलली.

पुढची तीस-चाळीस वर्षं पटकन ओलांडता येतील. प्लाझात बीटल्स उतरले, लेखक ट्रूमन कपोटी यांची काळ्या-पांढऱ्या पोशाखांची मेजवानी झाली. सांगावंसं वाटतं ते ओक रूमबद्दल. त्या दालनात दुपारच्या जेवणाला बायकांना मज्जाव होता, कारण पुरुषमंडळींच्या धंद्याच्या बोलण्यात व्यत्यय येतो! १२ फेब्रुवारी १९६९ ला स्त्रीवादी लेखिका बेटी फ्रिडन मैत्रिणींसह आत जाऊन बसल्या. वेटरांनी वाढायचं नाकारलं आणि त्यांच्यासमोरचं टेबलच उचलून नेलं. टेबल नसलेल्या खुर्च्यांवर बायका बसून राहिल्या. काही महिन्यांत नियम गेला.

प्लाझाची किंमत बघत गेलं की जमिनीचा हिशेब पुन्हा डोकं वर काढतो. १९४३ मध्ये कॉनरॅड हिल्टन यांनी ते ७४ लाख डॉलरला घेतलं. १९८८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सुमारे ४० कोटींना, आणि चार वर्षांत कर्जापायी दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. २००४ मध्ये एल-अ‍ॅड या बांधकाम कंपनीनं साडेसदुसष्ट कोटींना घेतलं ते हॉटेल चालवायला नव्हे, फ्लॅट पाडून विकायला. एका रात्रीचं भाडं जन्मभर गोळा करण्यापेक्षा खोली एकदाच विकून टाकणं परवडत होतं. हॉटेल कामगारांच्या युनियननं मोठी लढत दिली म्हणून मूळ बेतापेक्षा जास्त खोल्या हॉटेल म्हणून राहिल्या. तरी ८०० च्या आसपास खोल्यांच्या २८२ झाल्या.

२०१२ मध्ये या हॉटेलाची सूत्रं भारतात आली. सहारा समूहानं सुमारे ५७ कोटी डॉलर मोजून प्लाझात बहुसंख्य हिस्सा घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सेबीनं लावून धरलेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं समूहाच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे २४ हजार कोटींहून अधिक रुपये व्याजासह परत करायला सांगितलं. पैसे भरले गेले नाहीत आणि मार्च २०१४ मध्ये समूहाचे प्रमुख सुब्रत रॉय यांची रवानगी तिहारमध्ये झाली. ऑगस्टमध्ये न्यायालयानं त्यांना तुरुंगातलीच एक कॉन्फरन्स रूम वापरायला दिली. तिथे फोन, इंटरनेट, व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय होती, आणि काम एकच: लंडन-न्यूयॉर्कमधली हॉटेलं विकण्याची बोलणी. सौदा व्हायला २०१८ उजाडलं. कतारच्या सरकारी कंपनीनं प्लाझा सुमारे ६० कोटींना घेतलं.

दोन रस्ते पलीकडचं पिएर २००५ पासून ताज चालवतं. चालवतं, मालक नाही. १९५९ मध्येच गेटींकडून ते रहिवाशांच्या हाती गेलं. पिएर ही आपल्याकडे असते तशी चक्क सोसायटी आहे, भागधारक आणि कार्यकारी मंडळासकट. टाटांच्या माणसांना जबाब द्यावा लागतो तो त्या मंडळाला. इमारतीच्या माथ्यावर पूर्वी हॉटेलाचा बॉलरूम होता, तो आता एका तीन मजली फ्लॅटचा दिवाणखाना आहे. २०१३ मध्ये तो फ्लॅट साडेबारा कोटी डॉलरला विकायला काढला होता. चार वर्षं गिऱ्हाईक शोधल्यावर ४ कोटी ४० लाखांत गेला. मेंटेनन्स अर्थातच दरमहा वेगळा.